साडूचा प्रोसेसर

सासूबाईंना दोन जावई. थोरल्या मुलीचा नवरा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि धाकटीचा नवरा दातांचा डॉक्टर होता. सासूबाई जावयांची नावं घेत नसत. एकाला ‘थोरले’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘डॉक्टर’. दोन्ही हाका आदराच्याच. पण एक वयावरून मिळालेली आणि दुसरी शिक्षणावरून, हे थोरल्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. थोरलं व्हायला काय लागतं? माणूस बसल्या जागी थोरला होतो.

थोरल्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. लांबट, अरुंद गाळा. पुढे काउंटर, मागे रबरी चटई अंथरलेलं कामाचं टेबल, आणि भिंतीला लोखंडी रॅकवर दुरुस्तीला आलेल्या मशिनी, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून लिहिलेली तक्रार. ‘चालू होत नाही.’ ‘मध्येच बंद.’ ‘आवाज करतो.’ सव्वीस वर्षं ते हेच करत होते. सरळ नाकासमोर चालणारा माणूस, असं सगळे म्हणत. आलेल्या मशिनचा एकही स्क्रू त्यांच्याकडून कधी हरवला नाही, आणि कुणाची फाइल कधी पुसली गेली नाही.

पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. सासूबाई थोरल्यांच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. एकदा त्यांचा प्रिंटर अडला, तर त्यांनी फोन कुणाला करावा? डॉक्टरांना! डॉक्टरांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. ते पेशंटच्या तोंडात हात घालून बसलेले. त्यांनी तिथूनच थोरल्यांना फोन केला, “दादा, आईंचा प्रिंटर कागद धरत नाहीये. मला वाटतं आतला रोलर पुसावा लागेल. तुम्ही जवळ आहात म्हणून म्हटलं.”

थोरले गेले आणि रोलर पुसून आले. दुखणं रोलरचंच निघालं, हे त्यांना जास्त झोंबलं. सासूबाई म्हणाल्या, “बघा, डॉक्टरांनी फोनवरच ओळखलं!” थोरले हसले. तोंडदेखलं हसणं त्यांना चांगलं जमायचं. घरी येऊन मात्र अंगाचा तिळपापड झाला. “तुझ्या आईला सांग,” ते बायकोला म्हणाले, “दात दुखला की माझ्याकडे ये म्हणावं.”

“काहीतरीच तुमचं,” बायको म्हणाली, आणि ती हसली. तेही त्यांना खुपलं.

डॉक्टरांना कॉम्प्युटरचा नाद लागून पाचेक वर्षं झाली होती. साधासुधा नाद नव्हे. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. कारखान्यातून निघताना त्याला एक ठरावीक वेग बांधून दिलेला असतो. सेटिंग बदलून, थोडं जास्त व्होल्टेज देऊन, त्याला त्याहून जोरात पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. घोड्याला टाच मारण्यातलाच प्रकार. जोर चढतो तसा ताप चढतो, ताप चढला की मशीन अडखळतं, आणि ते अडखळू न देता पळवण्यातच सगळं कसब. अशा हौशी लोकांचा एक क्लब होता. दर रविवारी सकाळी ते जमायचे आणि कुणाचा प्रोसेसर किती पळतो यावर तासन् तास बोलायचे. डॉक्टर त्यांत लवकरच पुढे गेले. नाजूक कामाची सवय झालेले हात, चिकाटी आणि गोड बोलणं. दवाखान्यातले पेशंट आता दाताबरोबर कॉम्प्युटरचाही सल्ला विचारू लागले. त्यांतल्या दोघांना थोरल्यांनी ओळखलं. पूर्वी ते त्यांच्या दुकानात येत असत.

आता एक गोष्ट थोरल्यांनी सासरी कधीच सांगितली नव्हती. बायकोला अर्धवट माहीत होती, एवढंच. तेवीस-चोविसाव्या वर्षी ते एका मोठ्या दुकानात कामाला होते तेव्हा हाच नाद त्यांनाही होता. तेव्हा ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणणारंही फारसं कुणी भेटत नसे. बोर्डवरच्या बारक्या पिना चिमट्याने इकडच्या तिकडे करायच्या, मशिनची एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावायचा, आणि बघत बसायचं. त्यांनी एक प्रोसेसर दीडपट पळवला होता. तीन आठवडे पळाला. चौथ्या आठवड्यात जळक्या वासाने अख्खं दुकान भरलं. मालकाने तो काळा पडलेला प्रोसेसर किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागला, “हा बघा, आमच्या शास्त्रज्ञाचा शोध!” सहा महिने ते जुडगं थोरल्यांच्या डोळ्यांसमोर खुळखुळत राहिलं. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, आणि चालत्या मशिनला हात लावायचा नाही, हा नेम केला. लोक त्याला शहाणपण म्हणायचे. ती धास्ती होती, हे थोरल्यांचं त्यांनाच ठाऊक.

म्हणून डॉक्टरांचा हेवा नुसता सासूबाईंच्या कौतुकापायी नव्हता. जे आपण भिऊन टाकून दिलं, ते हा माणूस सुट्टीच्या दिवशी खेळ म्हणून करतोय, आणि त्याला कुणी हसत नाही, हे खरं दुखणं होतं.

त्या वर्षी क्लबाने स्पर्धा ठेवली. नियम सोपा. आपलं मशीन घेऊन यायचं, हवा तेवढा वेग लावायचा, आणि पूर्ण ताण देणारा चाचणीचा प्रोग्रॅम सगळ्यांसमोर एक तास चालवायचा. तासभर न अडखळता ज्याचं मशीन सगळ्यांत जोरात पळेल, तो पहिला. मध्ये अडकलं की बाद.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी सकाळी डॉक्टर स्वतः मशीन उचलून दुकानात आले. लहान मूल कडेवर घ्यावं तसं घेतलं होतं त्यांनी. अंगाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता.

“दादा, अडलोय. पस्तीस-चाळीस मिनिटं मस्त पळतं आणि मग निळा स्क्रीन. कधी नुसतंच गोठतं. मी व्होल्टेज वाढवून बघितलं, कमी करून बघितलं. प्रोसेसरवरची गारव्याची पेस्ट बदलली. ताप अठ्ठ्याहत्तर डिग्रीच्या वर जात नाही. रविवारी स्पर्धा आहे.”

“एवढे क्लबातले पंडित आहेत की,” थोरले म्हणाले.

“आहेत. पण तुमच्या हाताला गुण आहे.”

थोरल्यांनी चिकटपट्टी फाडली, तीवर ‘अर्ध्या तासाने अडकतो’ असं लिहिलं आणि मशिनला लावली. इतर गिऱ्हाइकांना लावतात तशीच. “ठेवून जा. उद्या संध्याकाळी सांगतो.”

डॉक्टर गेल्यावर त्यांनी झाकण उघडलं, आणि दोन मिनिटं नुसते बघत राहिले. काम देखणं होतं. प्रत्येक वायर मागून फिरवलेली, कुठे धूळ नाही. पाणी फिरवून गार ठेवायची सोय, तिच्या नळ्या अगदी मापात वळवलेल्या. आपण लावलं असतं तर असंच लावलं असतं, हा विचार आला आणि तो त्यांना आवडला नाही.

मग ते कामाला लागले. त्यांची एक रीत होती. अडलेल्या मशिनला आधी मूळपदावर आणायचं आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुन्हेगार सापडत नाही. त्यांनी डॉक्टरांची सगळी सेटिंग वहीत उतरवून घेतली. मूळचा वेग ३.७ गिगाहर्ट्झ, डॉक्टरांनी लावलेला ४.७. मग प्रोसेसर मूळ वेगावर आणला आणि बाकी काही न बदलता चाचणी लावली. प्रोसेसरवर आता काडीचा जास्तीचा ताण नव्हता. तरीही पंचेचाळिसाव्या मिनिटाला निळा स्क्रीन आला.

थोरल्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणजे ज्याला आरोपी धरलं होतं तो नव्हेच! आधीच्या निळ्या स्क्रीनच्या नोंदी मशिनमध्ये जमा होत्या, त्या त्यांनी काढल्या. अकरा नोंदी, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण वेगळं. एकच गोष्ट बिघडलेली असली की सहसा तक्रारही एकच येते. रोज नवी तक्रार आली की मेमरीकडे बघावं, हे ते सव्वीस वर्षांत शिकले होते. मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, चार पट्ट्या होत्या. दोन एका जोडीतल्या, दोन नंतर घेतलेल्या. दिसायला सारख्या, पण आतल्या चिपा वेगळ्या घडणीच्या. सगळ्यांना सगळ्यांत वेगवान सेटिंग लावलेलं. शुक्रवारी पहाटेच दुकान उघडून त्यांनी एक एक जोडी वेगळी तपासली. दोन्ही जोड्या निर्दोष. चारही एकत्र लावल्या की वीस मिनिटांत चुका. एका बैलगाडीला चार बैल जुंपलेत आणि चौघांची चाल वेगळी, असा मामला. त्यांनी रॅमचा वेग फक्त एक पायरी खाली आणला, प्रोसेसर पुन्हा डॉक्टरांच्या ४.७ वर नेला आणि चाचणी लावली.

एक तास. दोन तास. मशीन डगमगलं नाही. अकराच्या सुमारास त्यांनी प्रोसेसर ४.८ वर नेऊन बघितला, आणि तोही धरला! थोरले खुर्चीत मागे रेलले. टेबलावर आकडे पळत होते, पंप बारीक गुणगुणत होता. कित्येक वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. तेवढ्या वेळापुरतं ते साडूला विसरले होते.

दीड वाजता बायको जेवणाचा डबा घेऊन आली. तिने टेबलावरचं मशीन ओळखलं.

“झालं का हो डॉक्टरांचं?”

“चाललंय.”

“होऊ दे बाई लवकर. आई परवापासून सगळ्यांना सांगत सुटलीय, आमचे डॉक्टर स्पर्धेत उतरलेत म्हणून. ती स्वतः बघायला जाणार आहे, गुडघा दुखत असून.” तिने डबा उघडला. “किती हौस आहे ना त्यांना? तुम्ही आपले कधी काही करत नाही. नाही, तेही बरंच आहे म्हणा.”

ती सहज बोलली. डबा उघडताना माणूस बोलतो तेवढंच. पण थोरल्यांच्या काळजात कळ उठली. सासूबाई सव्वीस वर्षांत एकदाही या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. गुडघा दुखायला तर चार वर्षंच झाली होती.

बायको गेल्यावर ते बराच वेळ मशिनसमोर बसून राहिले. मग त्यांनी प्रोसेसर मूळच्या ३.७ वर आणला. रॅमही सगळ्यांत खालच्या वेगावर आणली. वहीतलं पान फाडून खिशात घातलं.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा थोरले काउंटरवर पुसायचं फडकं फिरवत होते.

“काय म्हणतोय पेशंट?” डॉक्टरांनी विचारलं.

“डॉक्टर, स्पष्ट सांगतो. प्रोसेसरचा दम संपलाय. सगळे प्रोसेसर सारखे नसतात, एखादाच पळणारा निघतो. तुम्ही याला फार ताणलंत. आता मूळ वेगावर आणलाय, तसा वर्षानुवर्षं चालेल. पुन्हा वर नेलात तर जाईल कायमचा.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “थोडासुद्धा नाही? चार पॉइंट दोन?”

“मी नाही नेणार. तुमचं मशीन, तुमची मर्जी.”

डॉक्टरांनी मशिनवरून हात फिरवला. “नाही. तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार.” आणि मशीन उचलून निघून गेले. जाताना त्यांचे खांदे पडलेले थोरल्यांनी पाहिले. त्या संध्याकाळी ते शीळ घालत घरी गेले.

शनिवारी दुपारी सगळे सासूबाईंकडे जेवायला होते. महिन्यातून एकदा तसा शिरस्ताच होता. पानं मांडली आणि एक अघटित घडलं. एरवी डॉक्टरांना वाढायच्या ते पहिलं पान सासूबाईंनी थोरल्यांना वाढलं.

“आमच्या थोरल्यांनी वाचवलं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “नाहीतर डॉक्टर जाळून बसले असते ते यंत्र.”

“खरंय आई,” डॉक्टर म्हणाले. “मला कळलंच नसतं. दादांनी दोन दिवस घालवले त्याच्यावर. आज सकाळीच मी क्लबाला फोन करून नाव मागे घेतलं.”

“बरं केलंत. मोठ्यांचं ऐकावं. अनुभव म्हणतात तो हाच.” सासूबाईंनी थोरल्यांच्या पानात आणखी एक डाव वाढला. समोर बसलेली बायको नवऱ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की थोरल्यांनी नजर खाली घातली. हेच कौतुक ऐकायला त्यांचे कान वर्षानुवर्षं आसुसले होते. आता ते पानात पडलं होतं आणि थोरले पानातला भात चिवडत बसले होते.

“नळ्या, पंप, सगळं क्लबातल्या एकाला देऊन टाकतोय,” डॉक्टर आपल्या बायकोकडे, म्हणजे थोरल्यांच्या मेव्हणीकडे, बघून म्हणाले. “तुझी अडगळ कमी होईल. आपल्याला नाही जमत ते. आपण दात काढावेत.” ते हसले, पण ते हसणं थोरल्यांच्या ओळखीचं होतं. जुडगं खुळखुळलं की ते स्वतः असंच हसायचे.

जेवण झाल्यावर डॉक्टर गाडीतून काहीतरी आणायला खाली निघाले. थोरले त्यांच्यामागून उतरले आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांनी हाक मारली.

“डॉक्टर. थांबा जरा.”

डॉक्टर वळले.

“तुमच्या प्रोसेसरला काही झालेलं नाही. रॅमचा दोष आहे. चार पट्ट्या एकत्र तो वेग झेपत नाही त्यांना. एक पायरी खाली आणली की तुमचा प्रोसेसर चार पॉइंट आठवरसुद्धा पळतो. मी पळवलाय.”

डॉक्टरांना आधी अर्थच लागला नाही. “म्हणजे… आज सापडलं?”

“काल सकाळी अकराला.”

“मग संध्याकाळी मला…”

“खोटं बोललो.”

जिन्यात वरून भांड्यांचा आवाज येत होता. डॉक्टरांनी कठड्यावर हात ठेवला. “का?”

थोरल्यांनी रात्रभर पुष्कळ कारणं जुळवून ठेवली होती. तुमच्या भल्यासाठी, आगीची भीती, असलं काहीबाही. त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. “जळलो,” ते म्हणाले. “दुसरं काही नाही. जळलो तुमच्यावर.”

डॉक्टरांनी कठडा सोडला. मग हळू आवाजात म्हणाले, “दादा, क्लबातल्या तिघांनी मला सांगितलं होतं, रॅम बघ म्हणून. तिघांनी! मी म्हटलं, नाही, आमच्या घरात जाणता माणूस आहे, त्याला दाखवतो. काल घरी गेल्यावर त्यांचा पुन्हा फोन आला. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काय कळतंय?”

थोरले एक पायरी उतरले. “चला,” ते म्हणाले, “मी घरी येतो. वीस मिनिटांचं काम आहे.”

“नको.” डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. “काय बदलायचं तेवढं लिहून द्या.”

थोरल्यांनी खिशातलं ते फाडलेलं पान काढलं. त्यावर सगळं होतंच. त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी जिन्याच्या कठड्यावर टेकवून तीन ओळी लिहिल्या. डॉक्टरांनी त्या दोनदा वाचल्या. एरवी हा माणूस शोकसभेतही विनोद करेल. आज त्याने नुसता कागद घडी करून ठेवला आणि खाली उतरून गेला.

क्लबाने डॉक्टरांचं नाव पुन्हा यादीत घातलं. रविवारी दहाला स्पर्धा सुरू झाली. थोरल्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते गेले आणि हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. नऊ मशिनी ओळीत मांडलेल्या, वर भिंतीवर मोठं घड्याळ. पुढच्या रांगेत सासूबाई गुडघ्यावर पर्स ठेवून बसल्या होत्या. डॉक्टरांनी ४.८ लावला होता.

विसाव्या मिनिटाला एक मशीन गोठलं. तिसाव्याला आणखी दोन. चाळिसावं मिनिट गेलं तेव्हा थोरले चवड्यांवर उभे राहून बघत होते. आपण केलेलं निदान आहे, ते खरं ठरावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि पन्नासाव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, अगदी हलक्या आवाजात, कुणीतरी म्हणतंय, पड एकदाचं. इतकं सगळं कबूल करूनसुद्धा! माणसाने जिन्यात उभं राहून खरं सांगितलं म्हणजे मन धुऊन निघतं असं थोडंच आहे? त्यांना स्वतःची शिसारी आली. पण ते हलले नाहीत, आणि घड्याळावरून नजरही काढली नाही.

तास भरला. डॉक्टरांचा दुसरा नंबर आला. पहिला एका निवृत्त गणिताच्या मास्तरांचा, ४.९ वर. टाळ्या झाल्या. थोरल्यांनीही वाजवल्या. डॉक्टर वळून माणसं बघत होते; भिंतीपाशी त्यांची नजर थोरल्यांवर पडली. त्यांनी फक्त मान हलवली. बोलावलं नाही.

मेव्हणीने सगळं थोरल्यांच्या बायकोला सांगितलं. ते होणारच होतं. बायको दोन दिवस कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या करताना म्हणाली, “तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत, ते तुमचं तुम्ही निस्तरलंत. पण शनिवारी आईने तुमचं कौतुक केलं तेव्हा मी केवढी फुशारले होते. ते आता मी कुठे ठेवू?”

थोरले तिच्यासमोर बसले. मग, का कोण जाणे, त्यांनी तिला जळलेल्या प्रोसेसरची गोष्ट सांगितली. मालक, जुडगं, टेबलफॅन, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती घडी हातात धरून ऐकत राहिली.

“एवढं मनात धरून बसलात?” ती म्हणाली. “मग करा की एकदाचं. तुमचं तुम्ही मशीन बांधा. निदान दुसऱ्याचं बघून जळणं तरी थांबेल.”

सासूबाईंना कुणीच काही सांगितलं नाही. त्या अजूनही पहिलं पान थोरल्यांना वाढत, आणि ती त्यांची दर महिन्याची शिक्षा होऊन बसली. डॉक्टर पंगतीला समोरच असत. ‘दादा’ म्हणत, भाजी पुढे करत, पण पूर्वीसारखी थट्टा करत नसत.

थोरल्यांनी मशीन बांधायला चार महिने घेतले. दुकानातल्याच टेबलाच्या एका कडेला, दुपारी गिऱ्हाईक नसताना. डॉक्टरांसारखीच पाण्याची सोय केली. नक्कल म्हणा हवं तर. पायरी पायरीने वेग वाढवत ४.६ पर्यंत नेला आणि तिथे गाडी अडली. दर वेळी बाराव्या मिनिटाला मशीन फट्कन बंद. त्यांनी आपली रीत लावली. रॅम तपासली, निर्दोष. वीजपुरवठ्याचा डबा बदलला, काही फरक नाही. व्होल्टेज हळूहळू वर नेलं, तर बाराऐवजी नऊ मिनिटांत बंद. प्रोसेसरचा ताप सत्तरसुद्धा नव्हता. दोन आठवडे ते त्याच्याशी झटत राहिले. इतरांच्या हजार मशिनी उठवणारा माणूस स्वतःच्या मशिनपुढे हात टेकून बसला.

फोन करायला त्यांनी आणखी तीन दिवस घालवले. शेवटी केला.

“डॉक्टर, माझं एक मशीन अडलंय. बाराव्या मिनिटाला बंद पडतं.”

पलीकडे दवाखान्याची खुर्ची करकरली. मग, “तुमचं स्वतःचं?”

“माझं. चार पॉइंट सहा.”

“बुधवारी दुपारी दवाखाना बंद असतो,” डॉक्टर म्हणाले. “येतो.”

बुधवारी ते आले. चहा नको म्हणाले. थोरल्यांनी वही पुढे केली, ती त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. मग चाचणी लावली आणि उघड्या मशिनमध्ये वाकून बघत बसले, दिव्याखाली दात बघावा तसे. आठव्या मिनिटाला त्यांनी प्रोसेसरच्या शेजारच्या एका धातूच्या पट्टीजवळ बोट नेलं आणि झटकन मागे घेतलं.

“दादा, इथे हात लावून बघा. लावू नका, जवळ न्या फक्त.”

थोरल्यांनी बोट नेलं. तव्याजवळ नेल्यासारखं वाटलं.

“प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग आहेत हे. साधा पंखा असला की त्याची थोडी हवा यांनाही मिळते. तुम्ही पाण्याची सोय केलीत, तो पंखा गेला. प्रोसेसर गार आणि हे बिचारे उकडतायत. मला गेल्या वर्षी असंच झालं होतं, महिनाभर डोकं फुटायची वेळ आली.”

थोरल्यांनी रॅकवरून एक जुना छोटा पंखा काढला, तारेने बांधून त्या पट्टीच्या तोंडाशी लावला. चाचणी पुन्हा सुरू केली. दोघं स्टुलावर शेजारी शेजारी बसले. बारावं मिनिट आलं आणि गेलं. विसावं गेलं. सव्वीस वर्षांच्या अनुभवाला जे दिसलं नाही, ते दात काढणाऱ्या माणसाने आठ मिनिटांत दाखवलं होतं. थोरल्यांच्या पोटात ते जुनं दुखणं पुन्हा उठलं, अगदी त्याच जागी. जागा त्यांना आता पाठ झाली होती.

“छान काढलंत,” ते म्हणाले. शब्द निघायला वेळ लागला, पण निघाले. “मला आणखी महिनाभर सापडलं नसतं.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. “जळताय?”

“थोडं,” थोरले म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत, पण स्टूल थोडं पुढे ओढून नीट बसले. “आता चार पॉइंट सातवर नेऊन बघू या. आणि तो चहा सांगा मघाचा.”